फौजदारचा आवाज आणि गौराक्कांचे पापड

गेल्या उन्हाळ्यात मी आमच्या घराच्या स्लॅबवर, पाण्याच्या टाकीमागं उभी राहून भुंकले. आधीच सांगून टाकते, कारण निपाणीत हे आता सगळ्यांना माहीत आहे, आणि कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. लाज? अजिबात वाटत नाही! पुन्हा वेळ आली तर पुन्हा भुंकेन. (वेळ येऊ नये, एवढंच.)

फौजदार म्हणजे आमचा कुत्रा. जात गावठी, रंग मातकट, पण आवाज असा की गल्लीत शिरलेला भंगारवाला हातगाडी उलटी फिरवायचा. दर उन्हाळ्यात तवंदीच्या घाटाकडून वानरांची टोळी गावात उतरते आणि वाळवणाची वाट लावते. पण आमच्या स्लॅबकडं एक वानर फिरकायचं नाही. त्यामुळं गल्लीतल्या सगळ्या बायकांचे पापड, सांडगे, कुरडया आमच्याच स्लॅबवर. शेजारच्या गौराक्का तर म्हणायच्या, "वैनी, तुमचा फौजदार हाय म्हणून आमच्या ताटात पापड हाय बघा!" ऐकून मी अशी फुगायचे, जसं काही मीच राखण करतेय. (करावी लागणार होती, हे तेव्हा कुठं माहीत!)

ऐन वाळवणाच्या तोंडावर या फौजदारनं, कुणीतरी दाणे खाऊन फेकलेलं मक्याचं कणीस अख्खं गिळलं. पोट फुगलं, ओकाऱ्या थांबेनात. बेळगावला नेलं. डॉक्टरांनी पोट उघडून कणीस काढलं, टाके घातले. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले, तेही सांगते. जीव वाचला, याहून जास्त काही मागायचं नाही असं मी देवाला कबूल केलं.

घरी आणला तेव्हा, टाके चाटू नयेत म्हणून त्याच्या गळ्याभोवती प्लॅस्टिकचा भलामोठा कर्णा बसवलेला. गौराक्का बघायला आल्या. फाटक वाजलं. फौजदार उठला, छाती पुढं काढली, तोंड उघडलं आणि...

"पीऽक!"

रबरी बदक दाबल्यावर येतो ना, तसा आवाज! फौजदारनं चमकून मागं बघितलं, कोण ओरडलं म्हणून. परत दम धरून भुंकला. "पीऽक!" गौराक्का फाटकाला धरून हसायला लागल्या. आमचे मालकसुद्धा हसले. फौजदार मान खाली घालून खाटेखाली गेला आणि भिंतीकडं तोंड करून बसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"हसायला काय झालं?" मी ओरडले. "तुमच्या पोटात कणीस अडकवून बघा की!"

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "भूल देताना घशात नळी घातली होती, बाई. घसा सुजलाय. येईल आवाज हळूहळू. विश्रांती द्या, जास्त भुंकू देऊ नका."

पण आमच्या सासूबाईंना, म्हणजे आत्तींना, हळूहळू झालेलं काहीच चालत नाही.

"लोकांचं वाळवण हाय वर," आत्ती म्हणाल्या. "ते राखणार कोण? हे पीकपीक? बोरगावला माझ्या भावाच्या मळ्यात तरणं कुत्रं हाय. ते इकडं आणू, ह्याला तिकडं धाडू."

"कुठंबी जाणार न्हाय तो!"

"मग पापड कोण राखणार?"

"तोच राखंल!"

"बरं. लोकांचा एक पापड जरी वानरानं नेला, तर फौजदार बोरगावला. ठरलं?"

"ठरलं!" मी म्हणाले. (माझी जीभ कधी मला विचारून हललेली नाही.)

दुसऱ्याच दिवशी दुपारी टोळी हजर! फौजदार कर्णा सांभाळत कठड्यापाशी गेला आणि जीव तोडून "पीऽक!" केलं. वानरं पळायचं सोडून जवळ आली! एक लेकुरवाळी वानरी तर त्याच्याकडं अशा मायेनं बघायला लागली, जसं काही तिचं हरवलेलं पोरच सापडलं. मी ताट बडवलं. कुणी हललं नाही. थोरला हुप्प्या सरळ गौराक्कांच्या पापडाकडं निघाला. मला डोळ्यांसमोर बोरगाव दिसायला लागलं, आणि मी भुंकले.

पहिलं भुंकणं अगदीच बालवाडीतलं होतं. "भू भू." हुप्प्यानं काखेत खाजवलं. मग मात्र माझं टाळकं सरकलं. अरे, मी हायस्कूलला मराठी शिकवते, आठवी ब माईकशिवाय गप्प करते, आणि हा मला काखा दाखवतो? पदर खोचला आणि बेंबीच्या देठापासून आवाज काढला, "भॉऽऽव!" टोळी जी सुटली, ती थेट पलीकडच्या चिंचेवर. फौजदारनं माझ्याकडं बघून शेपूट हलवली.

खालून गौराक्का ओरडल्या, "वैनीऽ, फौजदारचा आवाज आला की वो!"

"व्हय, आला की!" मी म्हणाले आणि तिथंच फसले.

कारण आता गल्ली आणखी पापड घेऊन आली. आत्तींनी मीठमोहऱ्यांनी कुत्र्याची दृष्ट काढली. आणि मला रोज दुपारी टाकीमागं लपून भुंकणं आलं. खोटं कशाला बोलू, हळूहळू मी तरबेज झाले. वानरांसाठी वेगळं, भंगारवाल्यासाठी वेगळं! मालकांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, शिकल्याली बाई तू! कुणी बघितलं म्हंजे?"

"बघू द्या! आणि एवढी लाज वाटत असंल, तर तुम्ही भुंका!"

ते पेपर घेऊन आत गेले.

मग एका दुपारी गौराक्का फौजदारला बक्षीस म्हणून दुधाचा गोड कुंदा घेऊन आल्या. (त्याला पथ्य, म्हणून तो आत्तींनी खाल्ला.) बघतात तर फौजदार खाटेखाली गाढ झोपलेला, तोंड मिटलेलं. आणि वरून, "भॉऽऽव! भॉऽऽव!" आत्तींनी कुत्र्याकडं बघितलं. मग छताकडं बघितलं. मग काठी घेतली आणि दोघी जिना चढल्या.

मी डोळे मिटून, तोंडाभोवती हात धरून भुंकत होते. डोळे उघडले तर समोर सासू!

"अगं बया!" आत्ती म्हणाल्या. "तू व्हय गं?"

"व्हय, मीच!" असं ठणकावून सांगायला गेले, आणि घशातून निघालं, "पीऽक!"

आवाज गेला! बसला नाही, पार गेला. हुप्प्याला तेवढंच पाहिजे होतं. कठड्यावरून उतरला, पापडाकडं हात लांबवला, आणि तेवढ्यात जिन्यातून खडाखडा आवाज आला. भिंतींना कर्णा आपटत फौजदार वर येत होता! माझी ती केविलवाणी पीक त्यानं ऐकली होती. 'फौजदार, टाके! टाके!' असं मी ओरडत होते, पण ऐकू कुणाला जाणार? तो पीकपीक करत सुसाट सुटला. डोक्याला कर्णा लावलेलं असलं जनावर वानरांनी सात जन्मांत बघितलेलं नव्हतं. टोळी जी गेली, ती त्या उन्हाळ्यात परत दिसली नाही.

फक्त वानरांपर्यंत पोचायला फौजदार पापडांवरून गेला होता. सगळ्या पापडांवरून. एकही धड राहिला नाही.

आत्तींनी तोंड उघडलं, "बोर..."

मी मध्ये उडी मारली. चिंचेकडं बोट दाखवलं, वानरांचे रिकामे हात दाखवले, बोट नाचवून 'एकबी न्हाय, एकबी न्हाय' केलं. अट वानरांची होती, कुत्र्याची नव्हती! मुकाट्यानं एवढं भांडलेली बाई निपाणीत दुसरी झाली नसेल. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हात थांबेनात.

गौराक्कांनी वाकून एक तुकडा उचलला. "मोडल्याला पापड तेलात फुलत न्हाय व्हय? माझी काय तक्रार न्हाय, मावशी. ऱ्हाऊ दे कुत्रं."

फौजदार राहिला. टाकेही शाबूत निघाले. मी त्याला कर्ण्यासकट मिठी मारली आणि कर्ण्यात अडकलेले पापडाचे तुकडे गौराक्कांना परत दिले.

पुढं टाके काढले, कर्णा उतरला, आणि फौजदारचा आवाज होता तसा खणखणीत परत आला. माझा मात्र येईना. मालकांनी घाबरून बेळगावच्या त्याच डॉक्टरांना फोन लावला. (हाताशी तेवढाच नंबर होता म्हणे!)

"येईल हळूहळू," डॉक्टर म्हणाले. "विश्रांती द्या, जास्त भुंकू देऊ नका."

आत्तींनी पानाला चुना लावत सगळं ऐकून घेतलं. "शाळा सुरू व्हायच्या आत आवाज न्हाय आला," त्या म्हणाल्या, "तर हिलाच धाडा बोरगावला."

मी कमरेवर हात ठेवले, छाती पुढं काढली आणि सगळ्यांसमोर ठासून सांगितलं, "पीऽक!"

फौजदारनं चमकून मागं बघितलं, कोण ओरडलं म्हणून.