वहीतले हात

माझा थोरला भाऊ स्यामान मानिवूस, म्हणजे मानिवूसचा बाप, मडक्यांची माती आणायला निघाला की कमरेला खंजीर लावायचा. मातीची जागा दफनाच्या रानाला लागून. तिथे आनितो फिरतात, मेलेल्यांची भुतं.

त्याच्या चित्रांच्या वहीत आमचं अख्खं बेट होतं. सरकारने पाडलेली जमिनीत खोदून बांधलेली घरं, होड्यांवरची नक्षी, आणि मडकं घडवणारे काकांचे हात. नुसते हातच. गेलेल्या माणसाचं आम्ही नावही घेत नाही, चेहरा कुठला काढणार!

काका गेले ते मडकी भाजली त्याच आठवड्यात. त्यानंतर आनितोंच्या धाकाने वीस वर्षं गावात कुणी मडकं भाजलं नाही. यंदा भावाने भाजायचं ठरवलं.

"वहीत उतरवलंय ना? पुरे की," वहिनी म्हणाली.

"वहीत मासा शिजतो का?" भाऊ म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "येतोस?"

नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

भर दुपारी किनाऱ्यावर आठ मडकी रचून आम्ही लाकडं पेटवली. म्हातारा स्यापेन कोतान लांबूनच ओरडला, "मरायचंय तर एकटा मर! भावाला कशाला ओढतोस?"

तेवढ्यात फाट्कन आवाज झाला. खापरी उडून माझ्या भुवईत घुसली. डोळ्यांत रक्त उतरलं; मला फक्त पटापट बंद होणारी दारं ऐकू आली.

संध्याकाळी ताप चढला. तिसऱ्या दिवशी मी बडबडू लागलो. तापात मी म्हणे काकांचं नाव घेतलं. वहिनीने कानांवर हात ठेवले. भावाने मला पाठुंगळी घेतलं आणि धावत दवाखाना गाठला.

नर्स आमच्यातलीच. चिमट्याने जखमेतला कण काढत भावाला म्हणाली, "हे बघ तुझं भूत. खापरीचा तुकडा आहे."

भावाला पटलं नाही. चार दिवस तो खंजीर उपसून माझ्या दाराशी बसून होता. ताप उतरला तेव्हा त्याने वही वहिनीपुढे टाकली. "जाळ."

"जाळू नकोस," मी म्हणालो. "मग काकांचे हात कुठे बघायचे?"

"तुला भीती नाही वाटत?" भावाने विचारलं.

"तुझ्याहून जास्त वाटते."

त्याने वही परत उचलली. मग आम्ही दोघं किनाऱ्यावर गेलो आणि गार राखेत हात घातले. सहा फुटली होती, दोन धड निघाली. भाजताना माती पुरती वाळलेली नव्हती, म्हणून फुटली. त्याने तिथेच बसून काकांच्या हातांशेजारी एक फुटलेलं मडकं काढलं.

उडत्या माशांच्या दिवसांत पहिला मासा त्या दोन धड मडक्यांतल्या एकात शिजला. स्यापेन कोतानने तोंड वेंगाडून चव घेतली. "मातकट लागतोय," म्हणाला, आणि दुसरा तुकडा उचलला.

आता दर कोरड्या मोसमात आम्ही मडकी भाजतो. काडी ओढण्याआधी भाऊ अजून कमरेचा खंजीर चाचपतो, आणि मी वीस पावलं लांब उभा राहतो.