उलट्या पिळाची तार

खरं सांगते, या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचले. कोणाला पिंपळाखाली बाई दिसली की मी म्हणायची, आधी चष्मा बदला. गाडीला लिंबू-मिरची बांधायलासुद्धा माझा विरोध. त्यामुळे हे लिहिताना मलाच माझी लाज वाटते आहे. पण घरात बोलता येत नाही आणि मनात ठेवून ठेवून जीव घुसमटायला लागला आहे... म्हणून लिहिते.

बुलढाण्याजवळ देऊळघाटला आमचं घर. घरात सासूबाई आणि मी, मूल नाही. आमचे हे घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करायचे. अकरा वर्षं मी त्यांच्या हातात पाने दिले, त्यामुळे कशाला कोणता पाना लागतो ते मला पाठ आहे. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी पार्ट आणायला खामगावला जातो म्हणून ते एसटीत बसले, ते परत आलेच नाहीत. भांडण नाही, आजार नाही. फोन बंद. पोलिसांत तक्रार दिली, दवाखाने पालथे घातले, नातेवाइकांचे टोमणे ऐकले. ते जिवंत आहेत की नाहीत, एवढंच मला कळायला हवं आहे.

त्यांची जुनी आठ सीटर व्हॅन आता मी चालवते, शाळेची मुलं बुलढाण्याला ने-आण करते. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास गाडी ओढेना, पेट्रोल जास्त प्यायला लागली आणि इंजिनचा पिवळा दिवा लागला तो विझेचना. ऑक्सिजन सेन्सर गेले होते. ते सायलेन्सरच्या पाइपात बसवलेले असतात, धुरात ऑक्सिजन किती उरला ते इंजिनला कळवतात. गॅरेजवाला रोज ‘उद्या बघू’ म्हणायचा. मी म्हटलं, बस तुझा उद्या घेऊन. दोन्ही सेन्सर मागवले आणि रविवारी दुपारी व्हॅनखाली शिरले.

पुढचा मुकाट निघाला. मागचा मात्र गंजून बसला होता. गरम असताना आटे सुटतात म्हणून इंजिन वीस मिनिटं चालू ठेवलं, गंज सुटायचं तेल मारलं. रिंग पाना बसावा म्हणून जुन्या सेन्सरची वायरही कापून टाकली – म्हणजे माघार बंद. सोमवारी मुलांना न्यायचं तर तो निघायलाच हवा होता. जोर लावला तर कोपरे झिजायला लागले, पाना सटकला आणि माझं उजवं मनगट तापलेल्या पाइपवर टेकलं.

तिथेच पडल्या पडल्या रडले मी. मनगटासाठी नाही. दोन वर्षं जे कोणापुढे बोलले नव्हते, ते त्या गाडीच्या पोटाकडे बघत मोठ्याने बोलले.

"जित्ते असान तं घरी या. नसान तं तसं सांगा. मले आता होत नाही."

मग बाहेर आले, शेडला कुलूप लावलं आणि घरात जाऊन हात पाण्याखाली धरला. कुलूप नवीन, ते गेल्यानंतर घेतलेलं. किल्ली माझ्या कमरेला. शेडला दुसरं दार नाही, आणि आहे त्या दारासमोर सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. फार तर दहा मिनिटं गेली असतील.

परत येऊन व्हॅनखाली गेले... जुना सेन्सर पोत्यावर ठेवलेला. नवा पाइपात बसवलेला, प्लग जोडलेला. वायर पाइपला लागून जळू नये म्हणून बारीक तारेने वर बांधलेली, तारेला तीन पीळ आणि टोक आत वळवलेलं. पुढच्या माणसाच्या हाताला टोचू नये म्हणून हे नेहमी तसंच करायचे. आणि पीळ उलटा होता. आमचे हे डावखुरे.

आधी वाटलं, मीच भ्रमात केलं असेल. पण माझी मूठसुद्धा मिटत नव्हती. नंतर हात बरा झाल्यावर मी दहा वेळा तार पिळून पाहिली, दहाही वेळा माझा पीळ सरळ येतो. त्या दिवशी पाइपवर पाणी शिंपडलं तर चर्र झालं. तिथे हात घालून एवढं नाजूक काम कोणी कसं करेल?

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कोणीच आलं-गेलं नाही. मग टॉर्च घेऊन स्वतः वाकल्या, त्या वयात, आणि ती तार बघून जमिनीवर बसल्या. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी दोन वर्षांत पाहिला नव्हता.

"हा त्याचाच हात हाय. जित्ता हाय माहा पोरगा." आणि मग माझ्याकडे बघून, "तू काऊन रडून राह्यली वं? आला होता न तो!"

काय सांगणार होते मी? कुलूप, किल्ली, तापलेला पाइप – हे सगळं त्यांना समजावून सांगणं म्हणजे त्यांच्या मुलाला माझ्या हाताने मारणं. त्या दिवसापासून त्या दोन भाकरी जास्त थापतात आणि रात्री शिळ्या झाल्या की गाईला घालतात.

दिवा विझला. व्हॅन आजही उत्तम चालते. एका ओळखीच्या मेकॅनिकला दाखवली, तो म्हणाला, काम चोख आहे, कोणाकडून केलं?

मी विचारलं होतं त्याचं हे उत्तर असेल, तर ते मला वाचता येत नाही. गेले असतील, तर कुलूप त्यांना अडवणार नाही आणि चटकाही बसणार नाही – हे मी मानते तरी, कालपर्यंत हसणारी मी. पण जिवंत असतील आणि काहीतरी करून आत आले असतील, तर दहा पावलांवर आई बसलेली, भिंतीपलीकडे मी हात धरून रडते आहे, आणि हा माणूस गाडी दुरुस्त करून निघून गेला. त्यांना गाडीची दया आली.

तुमच्यापैकी कोणाकडे तिसरं काही स्पष्टीकरण असेल तर सांगा, माझ्याकडे नाही. मी रोज सकाळी आरशासमोर उभी राहून कुंकू लावते. आणि बोट कपाळावर असतानाच मनात मागते – देवा, ते गेलेले असू देत.