झाडू आला म्हणजे सगळे आले

नॉर्बर्ट कोलमायर वाईट माणूस नाही हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तसं वाटेल. तो भित्रा आहे. आणि भीती जिवाची नाही, लोक काय म्हणतील याची. ही भीती जास्त वाईट, तिच्यावर औषध नाही.

आमच्या क्लोस्टर गावात कोलमायर घराणं जुनं. मिझुरी नदीच्या सखल काठावर मका आणि सोयाबीन, आणि त्या शेताच्या बरोबर मधून रेल्वेची लाइन. पणजोबांनी रेल्वेला जमीन विकली नव्हती, नुसता गाडी जाऊ देण्याचा हक्क दिला होता. गाडी बंद पडली की जमीन आपली, हे त्या घरात पिढ्यान् पिढ्या मुलांना सांगितलं जायचं. एक दिवस गाडी बंद पडली. रूळ उखडून नेले. जमीन मात्र परत आली नाही. सरकारने तिच्यावर चुनखडीची बारीक खडी दाबून बसवली आणि लांबच लांब सायकलवाट केली. आता शहरातली माणसं घट्ट चड्ड्या घालून कोलमायरांच्या शेतातून जातात आणि "काय छान आहे हो" म्हणून फोटो काढतात.

वाट व्हायच्या आधी शाळेच्या व्यायामशाळेत सभा झाली होती. थोरला एल्रॉय कोलमायर मोजकं आणि शांतपणे बोलला. धाकटा नॉर्बर्ट खुर्चीवर चढला. म्हणाला, "या सायकलवाल्यांतला एखादा माझ्या दारात तहानेने पडला तरी मी पाण्याचा घोट देणार नाही." गावाने टाळ्या वाजवल्या. असली वाक्यं माणसाने बसून बोलावीत. खुर्चीवर चढून बोललेली गाव विसरत नाही.

पुढे नॉर्बर्टचा डुकरांचा धंदा बसला. त्याने शेतातला आपला वाटा एल्रॉयला दिला आणि धान्याच्या गोदामात नोकरी धरली. मग गोदामाला कुलूप लागलं. साठीला टेकलेल्या माणसाला आमच्या भागात काम कोण देणार? जोडी ब्रेनन नावाच्या बाईने दिलं. ती त्या वाटेवर सायकलच्या सहली नेते. दिवसा सायकल, सामान व्हॅनमध्ये, रात्री माझ्यासारखीच्या लॉजवर गरम सूप आणि पलंग, असं करत माणसं राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. तिला मागून यायला एक सबुरीचा माणूस हवा होता.

"सायकल येते?" तिने विचारलं.

"दहा वर्षांचा होतो तेव्हा यायची."

"मग येते. आणि कुणी हळू चाललं तर चिडतोस का?"

"मी डुकरं पाळलीत, बाई."

ही मुलाखत माझ्याच ओट्यावर झाली, म्हणून ठाऊक.

या धंद्यात सगळ्यांच्या मागच्या वाटाड्याला झाडू म्हणतात. पुढे जोडी, मध्ये पाहुणे, मागे झाडू. झाडूने शेवटच्या माणसाला कधीही ओलांडायचं नाही. तो थांबला की थांबायचं, तो फुलाचा वास घेत बसला तर आपणही फुलाकडे बघत बसायचं. त्यामुळे मुक्कामावर कुणी डोकी मोजत नसे. झाडू आला म्हणजे सगळे आले, इतकं साधं गणित. नॉर्बर्टला हे काम इतकं साधलं की पाहुणे पुढच्या वर्षी त्याचं नाव घेऊन परत यायचे. पंक्चर काढायचा, चेन जोडायचा, बाटल्या भरून द्यायचा.

बाटल्यांवरूनच गाव त्याला सोलायचं. पेट्रोल पंपावर सकाळी कॉफीला बसणारी टोळी त्याला बघितलं की सुरू. "काय रे नॉर्बर्ट, आज कितीजणांना पाजलंस?" "खुर्ची देऊ का, चढून सांगतोस?" तो हसून घ्यायचा. गावाचं हसणं त्याने पचवलं. एल्रॉयचं गप्प बसणं त्याला पचत नव्हतं. जोडीकडे काम धरल्यापासून भाऊ त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

आता नेमकी गोष्ट अशी की माझ्या लॉजवरून सकाळी निघालं की पहिलाच मोठा टप्पा एल्रॉयच्या शेतातून जातो. तिथून पिवळं जाकीट घालून, पाहुण्यांच्या मागे, बाटल्या लटकावून भावासमोरून जाणं नॉर्बर्टला जमेना. मग त्याने युक्ती काढली. सगळे निघाले की शेवटच्या पाहुण्याला म्हणायचा, "व्हा पुढे, आलोच." आणि वळून कड्यावरच्या डांबरी रस्त्याने सुटायचा. तो रस्ता जवळचा. शेत संपतं तिथे उतरून झुडपाआड उभा राहायचा, शेवटचा पाहुणा गेला की गुपचूप मागे लागायचा. जोडी पुढे असायची, तिला पत्ता नव्हता. मलाही नव्हता. सगळ्या जगापासून लपवलं असं त्याला वाटत होतं.

ऑक्टोबरमधली गोष्ट. सोयाबीनची कापणी चालू, हवेत भुसा. त्या तुकडीत ओहायोच्या मिसेस डोलोरेस फिंच होत्या, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, प्रत्येक पक्ष्यासाठी सायकल थांबवणाऱ्या. मला त्यांचा राग यायचा, कारण न्याहारीच्या अंड्यासाठीसुद्धा त्या तेवढाच वेळ घेत. पण नॉर्बर्टने त्यांना आदल्या दिवशी समजावलं होतं, मी ऐकलं होतं: "काही बिघडलं तर जागच्या हलू नका. मी मागेच असतो. झाडू तुमच्यापर्यंत येणारच."

त्या सकाळी तो नेहमीसारखा वरच्या रस्त्याने गेला, झुडपाआड थांबला. पिवळं जाकीट घातलेली एक बाई खालून गेली. मिसेस फिंचकडे पिवळं जाकीट होतं. झालं, हा मागे लागला. ती बाई दुसरीच होती, वाटेने जाणारी कुणीतरी. जेवणाच्या थांब्यावर जोडीने नॉर्बर्टला येताना पाहिलं आणि सँडविचं वाटायला घेतली. झाडू आला होता.

मी इकडे चादरी वाळत घालत होते. एल्रॉयचा पिकअप दारात येऊन थांबला. मागे आडवी सायकल, पुढे मिसेस फिंच, गुडघ्याला खरचटलेलं, मांडीवर एल्रॉयचं जाकीट. त्यांना मी स्वयंपाकघरात बसवलं. एल्रॉय दारातच उभा राहिला, टोपी हातात.

"हे काय?" मी विचारलं.

"चेन तुटली हिची. माझ्या शेतात, दुसऱ्या फाटकापाशी."

"मग इतका वेळ काय करत होतात तुम्ही, बाई? सगळे जेवायला बसले असतील."

"वाट बघत होते," मिसेस फिंच म्हणाल्या. "नॉर्बर्टची."

एल्रॉय जमिनीकडे बघत बोलू लागला. इतकं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. "हार्वेस्टर घेऊन एका टोकाला गेलो, आलो, ही बसलेली. पुन्हा गेलो, आलो, तशीच. म्हटलं जाऊन बघावं. विचारलं, कोण यायचंय? म्हणते, झाडू. कसला झाडू? तर म्हणे नॉर्बर्ट, मागेच आहे. मी मागे बघितलं. वाट मोकळी, पार पुलापर्यंत. म्हटलं, बाई, तो मागून यायचा नाही. तर मलाच म्हणते, तुम्ही ओळखत नाही त्याला, त्याने शब्द दिलाय."

"दिला होता," मिसेस फिंच म्हणाल्या.

"काय बोलणार? परत यंत्रावर चढलो. आणखी दोन खेपा केल्या. ही आपली दगडावर बसून आहे. शेवटी उचलूनच आणायची वेळ आली."

"उचललं वगैरे काही नाही. चहा देतो म्हणालात म्हणून आले."

मी जोडीला फोन लावला. ती म्हणाली, "थांब, नॉर्बर्ट इथे माझ्यासमोर पाय खातोय." पाय म्हणजे सफरचंदाचा, माझाच केलेला. फोन बंद.

व्हॅन आली. जोडी पुढे, तिच्यामागे नॉर्बर्ट. दारात एल्रॉयला बघून तो असा थांबला की जोडीला मागे वळून त्याला आत बोलवावं लागलं. माझं स्वयंपाकघर लहान आहे. चौघं उभी राहिली की एकमेकांपासून लपायला जागा नसते.

जोडीने आधी गुडघा बघितला, मग नॉर्बर्टकडे वळली. "तू हिच्या मागे होतास ना?"

तो काही बोलायच्या आत मिसेस फिंचच म्हणाल्या, "मी झाडाआड बसले असेन हो. नसेन दिसले. चूक माझीच, मी सारखी थांबते." त्या खोटं बोलत होत्या. दुसऱ्या फाटकापाशी झाड नाहीच, कधीच नव्हतं. म्हातारीने त्याला दार उघडून दिलं होतं, नुसतं बाहेर पडायचं होतं. जोडीने विश्वास ठेवलाही असता. तिला तिथली झाडं काय माहीत? पण एल्रॉयला माहीत होती.

नॉर्बर्टचं तोंड मानेपासून लाल होत गेलं. मी चहाची किटली उगाच हलवत राहिले.

"मी मागे नव्हतो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"वरच्या रस्त्याने गेलो होतो."

"का? टायर गेला?"

"नाही. शेतातून जायचं नव्हतं."

जोडीला कळेना. "या वेळी?"

"दर वेळी."

जोडी खुर्चीवर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं, तिने नुसतं विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं या टप्प्यावर माझी माणसं एकटी जात होती?"

त्याने होकाराची मान डोलावली.

एल्रॉय दारातून म्हणाला, "मला दिसायचा. कड्यावरून जाताना उन्हात ते पिवळं जाकीट इतकं चमकतं." "मी बायकोला सांगायचो, शहरातल्या लोकांसमोर त्याला माझी लाज वाटते. मळके कपडे, तोंडावर भुसा. म्हणून वळसा घालतो."

"तुझी नाही," नॉर्बर्ट म्हणाला. "तू बघशील म्हणून."

"बघत तर होतोच."

"मला वाटलं तू थुंकशील."

"थुंकलोही असतो," एल्रॉय म्हणाला, "पण तुझ्या तोंडावर. म्हातारीला उन्हात बसवून वर निघून जाणाऱ्याच्या मागे काय थुंकायचं?" त्याने टोपी डोक्यावर ठेवली. "सोयाबीन कापायचं पडलंय. चाललो." जाकीट परत न घेताच गेला.

नॉर्बर्ट मिसेस फिंचसमोर उभा राहिला. माफी मागायची माणसाला सवय असेल तर शब्द येतात. त्याला सवय नव्हती. "तुम्ही बसून राहिलात," इतकंच म्हणाला.

"तू सांगितलं होतंस ना तसं," त्या म्हणाल्या. टोचून नाही, अगदी साधेपणाने. त्यानेच तो जास्त खचला.

जोडीने चेन जोडली, हात पुसले. मिसेस फिंचना व्हॅनमधून पुढे सोडते म्हणाली. बाई ऐकेनात. त्यांना अख्खी वाट सायकलवरून करायची होती, मध्ये खंड नको होता. "मग मी येते मागून," जोडी म्हणाली.

"तुम्ही कशाला? माझ्या मागे हा यायचा होता."

"याच्यावर तुमचा अजून विश्वास आहे?"

"तसं काही म्हटलं नाही मी. याचं काम राहिलंय, ते म्हणतेय."

नॉर्बर्टने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? म्हटलं, "जा आता. मला जमीन पुसायचीय."

पुढचं मला त्या दोघा भावांनी वेगवेगळ्या दिवशी सांगितलं, आणि ते जुळतं, म्हणून लिहिते. मिसेस फिंच नेहमीप्रमाणे गोगलगायीच्या चालीने गेल्या. त्यांच्यामागे नॉर्बर्ट, जाकीट घालून, बाटल्या लटकावून. दुसऱ्या फाटकापाशी एल्रॉयला हार्वेस्टर घेऊन वाट ओलांडायची होती. यंत्र प्रचंड, त्याने थांबवलं, वर काचेच्या खोलीत बसून राहिला. मिसेस फिंचनी घंटी वाजवून हात हलवला, त्याने टोपीला बोट लावलं. मग नॉर्बर्ट आला. एल्रॉय म्हणतो, "मान खाली होती त्याची, पाय तेवढे चालत होते." नॉर्बर्ट म्हणतो, "तो बघतोय हे कळत होतं. मीही हात वर केला." एल्रॉयने केला नाही. ते दोघं पुढे गेल्यावर यंत्र चालू केलं.

जोडीने त्याला काढून टाकलं नाही. गावाला वाटलं होतं काढेल, पंपावरच्या टोळीने पैजाही लावल्या होत्या. उलट आता दर सहलीला तो त्याच टप्प्यातून जातो, बाटल्यांसकट, आणि एल्रॉय अजून बोलत नाही. पण जोडीने एक नियम केला. प्रत्येक थांब्यावर, नॉर्बर्ट पोचल्यानंतर, ती स्वतः डोकी मोजते. मोठ्याने, बोट दाखवून, त्याच्यासमोर. पाहुण्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. मोजणी चालू असेपर्यंत तो सायकल धरून बाजूला उभा राहतो, कुणाकडे बघत नाही, पाणी पीत नाही.

मला ते बघवेना. एकदा जोडी माझ्या अंगणात मोजत होती, मी म्हटलं, "पुरे आता, किती दिवस शिक्षा करणार आहेस?"

उत्तर नॉर्बर्टनेच दिलं. "मोजू द्या, बाई. मध्येच टोकू नका, चुकेल ती."