सलामियाने अडवलेला पूल

सलामिया माझ्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा आली तेव्हा संगणकाला हात लावायलाही बिचकत होती. इंडोनेशियातल्या बांजारमासिनच्या आमच्या कॉलेजात नदीकाठच्या गावांतून येणारी बहुतेक पोरं अशीच असतात. पण पुलाचा आराखडा काढला, त्यावर वजन टाकलं आणि पडद्यावर सगळे खांब हिरवे, म्हणजे भक्कम, दिसले, तेव्हा ती हरखून गेली. कागदावर ज्यासाठी आठवडाभर डोकं फोडायचं, ते उत्तर क्षणात समोर.

मी बजावलं, "बाई, तू विचारशील तेवढंच ते सांगतं. अक्कल तुझी तुलाच वापरायची आहे." पण ऐकतंय कोण.

तिने आपल्या गावासाठी लाकडी पूल बेतला. गावचे प्रमुख तिचे थोरले काका, त्यांना ती जुलाक म्हणते. जुलाकनी ते हिरवं चित्र मशिदीत सगळ्यांना दाखवलं आणि गावाने स्वतः राबून पूल उभा केला.

मग एकदा वर्गात मी सहज विचारलं, "तुझ्या पुलावर माणसं उभी कुठे राहतात?"

तिचा चेहरा उतरला. आमच्याकडे नवरदेवाची वरात होडीतून येते आणि ती बघायला अख्खं गाव पुलाच्या एकाच कठड्याला खेटतं. लहानपणापासून जुन्या पुलावरच्या त्या गर्दीत तीही असायची. तरी पुस्तकातल्या उदाहरणासारखं वजन तिने सगळीकडे सारखं पसरलं होतं. तिने ते एका बाजूला सरकवलं. चिखलात रोवलेले त्या बाजूचे खांब लालभडक झाले.

दोनच दिवसांवर जुलाकच्या मुलीचं लग्न होतं. मीही तिच्याबरोबर गावी गेलो.

"हिरवं तूच दाखवलंस, आता लालही तूच दाखवतेस," जुलाक म्हणाले. "उद्या निळं दाखवशील."

"जुलाक, चूक माझीच आहे. तिरके टेकू लावेपर्यंत कुणाला वर चढू देऊ नका."

"आणि पाहुण्यांना काय सांगू? पुतणी शिकली, म्हणून पूल बंद?"

लग्नाच्या दिवशी पुलाच्या एका तोंडाशी ती हात पसरून उभी राहिली, दुसऱ्या तोंडाशी मी. काकू सगळ्यांदेखत तिला म्हणाली, "बहिणीचं सुख बघवत नाही तुला." वरात वाजतगाजत पुलाखालून गेली. लोकांनी ती काठावरच्या चिखलात उभं राहून पाहिली. मला पोरीचा अभिमान वाटला आणि तिच्यासाठी जीवही तुटला.

पूल पडला नाही. वर कुणी नव्हतंच, पडेल कसा? नेमकं तेच तिच्या अंगाशी आलं. वरात उतरल्यावर जुलाक मला बाजूला सारून एकटेच पूल ओलांडून गेले, तसेच परत आले आणि म्हणाले, "बघ. काय झालं?" लोक हसले. टेकूंचा विषय कुणी काढला नाही. काकूने आम्हाला जेवायलाही बोलावलं नाही.

परतताना होडीत ती म्हणाली, "सर, पडला असता तर सगळ्यांना पटलं असतं."

आणि आपण काय बोललो ते ध्यानात येताच तोंडावर हात दाबून ती रडायला लागली.