उजव्या हाताने

गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कपडे शिवणाऱ्या मावशीला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिचा उजवा हात लुळा पडला. व्यायामाने तो हळूहळू हलू लागला, पण घास तोंडापर्यंत नेताना सांडायचा. तेव्हापासून तिने चारचौघांत जेवणंच सोडलं होतं. त्यामुळे आपल्या वाढदिवसाला कोपऱ्यावरच्या साध्याशा जपानी हॉटेलात जाऊ, असं ती स्वतःहून म्हणाली तेव्हा भाची चाटच पडली.

वाफाळत्या रश्शातल्या नूडल्स समोर आल्या. भाचीने हळूच काटा मागवला. मावशीने तो बाजूला सारला आणि उजव्या हातात खायच्या दोन काड्या धरल्या. नूडल्स निसटल्या, रस्सा अंगावर उडाला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली.

"मावशी, लोक बघताहेत गं. काटा घे ना."

"बघू देत. शिवण शिकताना तुझ्या बोटाला सुई टोचली, तेव्हा मी तुझ्या हातातली सुई काढून घेतली होती का?"

तेवढ्यात वेट्रेस लहान मुलांसाठीच्या, वरून रबराने बांधलेल्या काड्या घेऊन आली. आता मावशी भडकणार, असं भाचीला वाटलं. पण मावशीने त्या झटकन उचलल्या.

"अगं, या आधी नाही का द्यायच्यास!"

कपाळाला घाम फुटला, रस्सा गार झाला, पण वाडगा रिकामा करूनच तिने मान वर केली.

भाची बिल मागवायला वळली, तशी मावशीने तिला थांबवलं. "अजून एक मागव. हात आत्ता कुठे वळायला लागलाय."