गुलाबी बैल

नांदेड सोडून देवणीकडच्या शाळेत नवी बाई म्हणून लागले, तेव्हा दुसरीतल्या एका पोरीचा गुलाबी बैल मी लाल पेनानं खोडला आणि खाली लिहिलं, ‘बैल गुलाबी नसतो.’ डी.एड. ताजं होतं, अक्कल यायची होती. पोरीनं चित्रं काढणं सोडलं, माझ्याशी बोलणंही.

दर शनिवारी उदगीरहून चित्रकलेचे सर यायचे. कानावर खडू, बोटं कायम निळी. कुठलंही चित्र दाखवा, मान डोलावून म्हणायचे, “हाव, हाव. अन् पुढं?” माझा शेरा वाचून मात्र त्यांनी पोरीला तिचं घर कुठं ते विचारलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात बैल उभा. पोरीच्या घरचाच, सणाला रंगवलेला, शिंगापासून शेपटापर्यंत गुलाबी. कासरा सरांच्या हातात. सगळा वर्ग बाकांवर चढून नाचायला लागला आणि मी टेबलामागे दडले.

सर अगदी अदबीनं म्हणाले, “बाई, तुमचा शेरा याच्या पाठीवर लिहून द्या. लाल पेनानंच.”

मी खरंच पेन शोधायला लागले. तेवढ्यात ती पोरगी माझा पदर ओढून म्हणाली, “नका लिहू बाई, त्याला लई गुदगुल्या होतेत.”