मुद्देमालात न गेलेलं लुगडं

सहायक फौजदार पुतळा मढवींच्या लॉकरात टोपी, लाठी आणि गुडघ्यांना चोळायचं तेल यांच्या शेजारी एक सुती साडी कायम घडी घालून ठेवलेली असते. हौसेची नव्हे. ठाण्यात लहान मूल आलं की त्याचं काम बघणाऱ्या पोलिसानं वर्दीत असू नये, असा कायदाच आहे. आता नऊ दिवसांच्या पोराला वर्दी काय नि वरमाई काय. पण कायदा तो कायदा. आणि मुलांचं काम गेली अकरा वर्षं पुतळाबाईंच्याच गळ्यात. एकदा साहेबांनी बैठकीत विचारलं होतं, ‘मुलांचं कोण बघेल?’ तेव्हा सगळे बाप्ये छताच्या पंख्याची पाती मोजायला लागले, एवढंच त्याचं कारण.

बाई इथल्याच शिरवणे गावच्या. माहेर-सासर एकाच आळीत. वय चोपन्न, गुडघे सत्तरीचे.

बुधवारी सकाळी दहाला काउंटरवरून शिपाई कल्पेशनं हाक दिली, “आत्या, तुमचं पार्सल आलंय.”

“तुज्या तोंडाला कुलूप लाव मेल्या,” म्हणत बाई उठल्या. उठताना टेबलाला धरावं लागलं.

बाकावर विशी-बाविशीची पोरगी. तिच्यापासून हातभर लांब, त्याच बाकावर, हिरव्या विटक्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली तान्ही मुलगी. पोरीचं तोंड बाईंकडे, पण पाय दरवाजाकडे.

“हे घ्या, अन् मला जाऊ द्या,” ती म्हणाली. बोलणं जालन्याकडचं.

“बस गो बाय. तुना कोन बांदून ठेवत नाय.”

बाई हे म्हणाल्या खऱ्या, पण तिला जाऊ देणं हेच त्यांना परवडणारं नव्हतं. आईनं स्वतः मूल आणलं, बाल कल्याण समितीपुढं बसली, कागदावर सही केली, तर ते सोपवलेलं मूल. गुन्हा नाही, कुणाला नाव सांगणं नाही. तीच आई समितीआधी निघून गेली, तर मूल टाकलेलं. मग गुन्हा दाखल, पंचनामा, अज्ञात स्त्रीचा शोध. फरक इतकाच, की ही पोरगी सही होईपर्यंत टिकते का नाही. समिती दुपारी दोनपर्यंत बसते; त्यानंतर थेट शुक्रवारी. आणि ही शुक्रवारपर्यंत थांबणारी नव्हती, ते तिचे पायच सांगत होते.

तीन वर्षांपूर्वी अशीच एक याच बाकावर बसली होती. बाई साडी नेसायला आत गेल्या. निऱ्या घालायला लागतो तेवढाच वेळ. बाहेर आल्या तर बाकावर नुसतं बाळ. ते ज्या टॉवेलात होतं, त्याच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं दोन अक्षरं भरलेली होती. त्या अक्षरांवरून बाईंनीच आठ दिवसांत तिला हुडकून काढलं. वरून शाबासकी मिळाली. खटला अजून चालूच आहे, आणि टॉवेल लाखेच्या सीलखाली मुद्देमालाच्या खोलीत. बाळ गेलं अनाथ मुलांच्या संस्थेत, उघडं. रात्रभर रडलं म्हणे.

तेवढ्यात केबिनमधून चंद्रशेखर साहेब डोकावले. “मढवी, अज्ञात स्त्री लिहून मोकळ्या व्हा ना. गाडी नाहीये, सगळ्या बंदोबस्ताला गेल्यात. कुठं फिरणार ते गुडघे घेऊन?”

“अज्ञात कशी साहेब? पुढ्यात बसलीय.”

“बघा बुवा. नंतर दुखतंय म्हणू नका.”

“ते म्हननारच,” बाई म्हणाल्या. साहेब हसले आणि आत गेले.

आता राहिली साडी. वर्दीत नेलं तर समिती बोलणार, बदलायला गेलं तर पोरगी जाणार. बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “चल माज्यासंगं आत.”

“मी इथंच बसते.”

“नको. पोर घे नि चल.”

पोरीनं पोर घेतलं नाही. शेवटी बाईंनीच ते वर्दीच्या छातीशी धरलं, तिला पुढं घातलं आणि महिलांच्या खोलीत नेलं. खोली कसली, फायलींच्या कपाटामागची बोळकांडी. बाळ टेबलावर ठेवलं, कडी लावली.

“पाठ कर.”

पोरीनं पाठ केली. बाईंनी वर्दी उतरवली, साडीचा घोळ खोचला, निऱ्या हातात धरल्या, आणि बाळानं नेमकं तेव्हाच भोकाड पसरलं.

“उचल तिला. माजे हात अडकलेत.”

“मी न्हाई.”

“मंग काय मी निऱ्या सोडू? उचल गो, टेबलावरून पडंल.”

पोरगी वळली. उचलताना आधी लुगड्याची टोकं आवळून घेतली, जशी आई घेते. बाळानं त्या विटक्या कापडात नाक खुपसलं आणि गप्प झालं. पोरगी बाईंच्या सुटलेल्या, चरे पडलेल्या पोटाकडे बघत राहिली.

“किती लेकरं तुमाला?”

“दोन.”

“लई जड गेलं?”

“आजून जातंय. थोरला तीस वर्सांचा हाय, टॉवेल जागेवर ठेवत नाय.”

पोरगी हसली, आणि हसता हसताच खाली बसली. मग तिनं सांगितलं. एपीएमसी मार्केटात लसूण निवडायचं काम. ज्याचं मूल, त्यानं फोनचा नंबर बदलला. गावाकडं कुणाला माहीत नाही. लुगडं आईचं, येताना पिशवीत घातलेलं.

“लेकरू परत मागितलं तर देत्यात का?”

“साठ दिवसांत आलीस तर तुजंच. समिती चौकशी करंल, पन तुजं. त्याच्यापुढं नाय.” बाईंनी पदर खांद्यावर टाकला. “खोटं सांगत नाय तुना.”

आधी पालिकेच्या दवाखान्यात बाळाची तपासणी, मग रिक्षा. सव्वा तासाचा रस्ता. प्रत्येक सिग्नलला बाईंचा हात पोरीच्या मनगटावर अलगद पडलेला असे. धरलेला म्हणावं तर नाही, सोडलेला म्हणावं तर तेही नाही. पावणेदोनला पोचल्या.

समितीच्या सुमेधा मॅडमनी एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला: कुणी भाग पाडलं का? पोरगी तीनदा नाही म्हणाली. सांभाळायला काही मदत मिळाली तर? तिनं लुगड्याचं टोक पुन्हा आवळलं. मग म्हणाली, “आत्ता न्हाई जमणार.” मॅडमनी साठ दिवसांचं समजावलं.

“आजचा दिवस धरून का उद्यापासून?” पोरीनं विचारलं.

मॅडमचं पेन थांबलं. पुतळाबाईंनी आजवर कितीजणींना ‘साठ दिवस’ सांगितलं होतं; हे कुणीच विचारलं नव्हतं. मॅडमनी पुस्तक उलटसुलट चाळलं. “उद्यापासून.”

पोरीनं सही केली.

संस्थेच्या सिस्टरनं नवे पांढरे कपडे आणले होते. तिनं लुगडं सोडून परत द्यायला हात पुढं केला. पोरीनं मान हलवली. “राहू द्या. वास वळखती ती.”

“आमच्याकडे स्वच्छ असतं सगळं,” सिस्टर म्हणाली.

“यादीत लिवा,” पुतळाबाई म्हणाल्या. “लुगड्याचा तुकडा, हिरवा, एक. बालासंगं.” सिस्टर लिहीपर्यंत बाई तिथून हलल्या नाहीत.

परतताना पोरगी एपीएमसीच्या फाटकाशी उतरली. पोलक्याचा पुढचा भाग दुधानं भिजलेला. बाईंनी पिशवीतला पंचा तिच्या हातात कोंबला. तिचा फोन नंबर तेवढा आपल्या फोनात घालून घेतला.

ठाण्यात कल्पेश रजिस्टर उघडून बसला होता. “आत्या, मुद्देमाल?”

“काय नाय.”

“काहीच नाय? कपडा तरी?”

“गुन्हाच नाय, तर मुद्देमाल कसला? रेघ मार.”

बाईंनी आत जाऊन साडी सोडली, वर्दी चढवली, साडीची घडी घातली. आठपर्यंत ड्युटी होती. खुर्चीत बसून गुडघ्याला तेल लावता लावता भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या बोटानं मोजत गेल्या. उद्यापासून एक, दोन, तीन… एक पान उलटलं, दुसरं उलटलं. साठावा दिवस रविवारी येत होता. समिती बसते बुधवारी नि शुक्रवारी.

बाईंनी तेलकट बोट साडीच्या घडीला न पुसता वर्दीलाच पुसलं आणि फोन लावला.

“हां, मीच. आयक. रविवारवर थांबू नको. यायचं झालं तर आदल्या शुक्रवारी. दोनच्या आत. पोचलीस का घरी? मंग पड जरा.”